पहिल्या रांगेतली पावलं

चप्पल काढू नका, असू दे पायात. आमच्याकडे हल्ली सगळे चप्पल घालूनच वावरतात. आवाज झालेला बरा. आणि त्या सोफ्यावर नको, इकडे खुर्चीवर बसा. आतल्या खोलीत नवरा पडलाय. त्याच्या डोळ्यांना उजेड खुपतो, म्हणून दिवा एवढा बारीक ठेवलाय.

तुम्ही खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलात आणि पहिल्यांदा वर आलात ते तक्रार घेऊन. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कुणीतरी बूट घालून फिरतं, डावा पाय जरा घासत, संध्याकाळचा डोळा लागू देत नाही, असं दारातच म्हणालात. तुमचा कान चांगला आहे. डावा पाय घासतो हे सगळ्यांना कळत नाही. बेल वाजवून तुम्ही कंटाळून जिन्याकडे वळल्याच होतात, आणि मी दार उघडल्यावर केवढ्या दचकलात! मीही हसले. हसण्यावारी न्यायचं तर तेवढंच, पुढचं काही हसण्यासारखं नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. मी सिनेमातली पावलं चालते. पडद्यावर माणूस चालताना दिसतो, पण शूटिंगच्या वेळी त्याच्या पावलांचा आवाज कधी नीट मिळत नाही. मग स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत मी पडद्यासमोर उभी राहते आणि त्याच्याबरोबर चालते. खाली लाकडी फळ्या, फरशी, खडी, वाळू असे चौकोन केलेले असतात. माझ्याकडे बुटांची एक ट्रंक आहे. त्यात हवालदाराचे आहेत, नवरीच्या टाचा आहेत, म्हाताऱ्याच्या सपाता आहेत. कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबली की बर्फात पाय रुततो, काकडी मोडली की हाड मोडतं. या कामाला फोली म्हणतात. यात एकच गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे स्वतः चालायचं नाही. जो दिसतोय तो चालला पाहिजे. माझा डावा पाय अधू आहे, चवडा जरा घासत जातो. एकदा त्यावर स्पीकर पडला होता. पण पडद्यासमोर उभी राहिले की तो पाय मी विसरते. आजवर एकाही नटीला मी लंगडवलेलं नाही.

आता नवरा. आज बघाल तर पिकलेले केस, मोतीबिंदू, आणि लिफ्ट दुरुस्त करून करून खरबरीत झालेले हात. पण तरुणपणी हा माणूस पंक बँडमध्ये गायचा. गायचा कसला, ओरडायचा. चार पोरं, फाटके शर्ट, त्यांना टाचण्या, आणि सगळ्या जगावर राग. बँडचं नाव ‘गंज’. याला सगळे घोगऱ्या म्हणायचे. त्यांचं एकही गाणं धड नव्हतं, पण ऐकताना अंगावर काटा यायचा, हे मला आजही मान्य आहे.

त्यांचा एकच कार्यक्रम कॅमेऱ्यात आला. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये तो झाला होता. माझ्या भावाचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. ही पोरं सामान फोडतील या भीतीने त्याने मला राखण करायला पाठवलं. तिथे स्टेजच्या डाव्या अंगाला भिंतीतला सॉकेट सैल निघाला. प्लग घातला की बाहेर यायचा. कुणाला तरी तो धरून बसणं भाग होतं. मग काय, मी बसले. पडद्याआड एका पोत्यावर, भिंतीला पाठ लावून, सगळा कार्यक्रम मी तो प्लग दाबून धरला. बाहेर दोन-अडीचशे माणसं उड्या मारत होती आणि मला दिसत होती फक्त पडद्याची शिवण, आणि तिच्या फटीतून त्याची अर्धी पाठ.

ऐन रंगात प्लगमधून ठिणगी उडाली आणि माझा हात सुटला. सगळं मुकं झालं. माइक गेला, गिटार गेली. एकदोन ठोके पडून ड्रमही थांबला. तेव्हा याने मान डावीकडे वळवली आणि पडद्याच्या फटीतून सरळ माझ्याकडे बघितलं. रागावेल असं मला वाटलं, पण हसला. म्हणाला, “धर ना गं!” त्याने मला उद्देशून बोललेला पहिला शब्द हा. मी धरला तो आजतागायत. त्या दिवसापासून तो मला प्लगबाई म्हणतो. चार लोकांत हाक मारली की मी लाजायचे, पण एखाद्या दिवशी मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

त्या चित्रीकरणात मी कुठेही नाही. असणार कशी? पण तो वळून बघतो तेवढा भाग आहे. मूल-बाळ झालं नाही आम्हाला, अल्बम चाळायची सवय नाही. तेवढं एक बघणं होतं आमच्याकडे. टेप लावायची, तिथवर आणायची आणि दोघांनी हसायचं.

मग आमच्याकडे एक दिग्दर्शक आला. पोरगा गुणी, मला काकू म्हणतो, याला काका. त्याने ती टेप मागून नेली. म्हणाला, “काका, मी तुमच्या कार्यक्रमावर सिनेमा करतोय. कार्यक्रम खरा, आणि त्यात एक काल्पनिक चाहती. लाँड्रीत इस्त्री करणारी मुलगी. घरच्यांना चोरून येते, पहिल्या रांगेत उभी राहते आणि तिचं आयुष्य बदलतं.” नवरा खूश झाला. मीही झाले. पावलांचं काम मलाच देणार होता ना.

सिनेमाची पहिली कच्ची जोडणी बघायला त्याने मला स्टुडिओत बोलावलं. सोबत आमचा रेकॉर्डिस्ट होता, हेडफोन कानाला शिवल्यासारखा असतो त्याचा. चाहतीचं काम करणाऱ्या मुलीला नवीन हॉलमध्ये उभं करून शूट केलं होतं, आणि मग तिचं चित्र मुद्दाम जुन्या टेपसारखं खराब केलं होतं. शिवण कुठे दिसत नव्हती. पुरुषी जाकीट, जाड बूट, कपाळाला चिकटलेले केस. मी कौतुकाने मान हलवत होते. मग तो क्षण आला. आवाज गेला. माझ्या नवऱ्याने मान डावीकडे वळवली, हसला, ओठ हलले.

आणि पुढच्या चित्रात ती होती. पहिल्या रांगेत. वर मान करून त्याच्याकडे बघत.

तो तिच्याकडे बघत होता हो. इतकं साधं असतं ते. एकाचं बघणं आणि लगेच दुसऱ्याचा चेहरा, की झाली नजरानजर. मी जन्म काढलाय या धंद्यात, मला काय ते ठाऊक नाही? तरी मी पडद्याकडे बोट केलं.

“ती तिथे नव्हती,” मी म्हटलं.

“काकू, ती काल्पनिक आहे.”

“काल्पनिक असेल. पण बघ ना कुठे उभी आहे ती. ते बघणं माझं आहे.”

तो गोंधळून हसला. “पण काकू, तुम्ही चित्रात नाहीच आहात. प्रेक्षकाला तो कुणाकडे बघतोय ते कळायला नको का?”

बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर जास्त लागलं. प्लग धरून बसले मी, शॉक खाल्ला मी, आणि ही बया आयत्या वेळी येऊन पहिल्या रांगेत उभी. त्या बिचाऱ्या नटीवर माझा राग नव्हता, ती तर मला बघून पाया पडायला वाकली होती. राग त्या पडद्यावरच्या भवानीवर होता. जी नाही तिच्यावर कसलं जळायचं, असं मी स्वतःला बजावलं. पण जळत होते. अगदी उघडपणे सांगते तुम्हाला.

मग मी काय केलं, तर सगळ्यांची पावलं दिली आणि तिला दिली नाहीत.

तिच्या आईच्या सपाता वाजवल्या, पहारेकऱ्याचे बूट वाजवले. गल्लीतून एक कुत्रं पळत जातं, त्याची नखंसुद्धा हातमोज्यांना टाचण्या लावून वाजवली. ती मात्र लाँड्रीतून निघते, गल्ली ओलांडते, हॉलच्या पायऱ्या चढते आणि खाली काही वाजत नाही. गर्दी आणि गिटार यांत कोणाला कळणार होतं! रेकॉर्डिस्टने एकदा विचारलं, “काकू, हिची पावलं राहिली का?”

“एवढ्या गोंगाटात कुठे ऐकू येतात?”

“हो, पण... तरंगल्यासारखी वाटते ती.”

“वाटू दे,” मी म्हटलं. मला बरं वाटलं होतं. पाऊल नसलेल्या माणसाला पडद्यावर वजन येत नाही. ती कितीही सुंदर दिसली तरी तिथे उभी नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. वाटलं, हसेल आणि म्हणेल, वेडी आहेस. तो या सोफ्यावर बसला होता. मोतीबिंदूमुळे त्याला माझा चेहरा सायीतून बघितल्यासारखा दिसतो, मला तो पावलावरूनच ओळखतो. जिन्यात माझा डावा पाय घासला की आतून हाक यायची, “आलीस का गं, प्लगबाई?” सगळं ऐकून तो म्हणाला, “हो, ती डावीकडे उभी असायची.”

“कोण?”

“ती लाँड्रीतली. जाकीट घालायची पुरुषाचं.”

“अरे, ती सिनेमातली आहे. तेव्हा ती नटी जन्मलीसुद्धा नव्हती!”

“नटीचं कुठे म्हणतोय मी?” तो म्हणाला. “ती... तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता बघ. त्रिकोणी. डाव्या हातावर.”

मी स्वयंपाकघरात गेले. वय झालं की माणूस ऐकलेलं आणि घडलेलं एकत्र कालवतो, असं म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण हा माणूस अजून सगळ्यांचे फोन नंबर तोंडपाठ सांगतो. शिवाय डागाचं मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण सिनेमात डाग नव्हता. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला सहज म्हणून विचारलं. पोरगा चमकून म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं, काकू? मी लिहिला होता तो डाग. मग मेकअपला वेळ नव्हता म्हणून गाळला. कुणाला बोललोही नाही.”

त्या दिवसापासून मी घरात कान टवकारून राहायला लागले. माझा कान म्हणजे काय सांगू, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते मी आंघोळ करताना सांगते. पण घरात काही नव्हतं. फक्त संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी, नवरा बोलता बोलता थांबायचा. त्याची मान दाराकडे वळायची. मग हळूहळू, कुणीतरी चालत येतंय असं बघावं तशी ती दारापासून सोफ्यापर्यंत वळत यायची. आणि तो सरकून बसायचा.

मला आधी वाटलं, माझ्यासाठी जागा करतोय. केवढं बरं वाटलं! पदर सावरत मी बसायला गेले, तर याने माझा हात धरला.

“अगं, बघून बस ना...” तो हळूच म्हणाला.

मी उभीच राहिले.

“तुला दिसते ती?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“दिसते म्हणजे? स्वच्छ.”

“आणि मी?”

तो ओशाळून हसला. “तू... तुला माझे डोळे माहीत आहेत ना? आता होईलच ऑपरेशन.”

सांगा, कुठल्या बाईला सहन होईल? आयुष्यभर त्याच्या शर्टाची बटणं लावणाऱ्या मला धुकं, आणि जी झालीच नाही तिचं तोंड स्वच्छ! मी सोफ्याच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून काय वाट्टेल ते बोलले. माझ्या घरातून चालती हो म्हटलं. आणि बोलता बोलताच मला घाम फुटला. चालती कशी होणार? तिची पावलं मीच काढून घेतली होती. ती आली तरी मला कळत नव्हतं, गेली तरी कळणार नव्हतं. सगळ्या जगाचा वावर कानाने ओळखणारी मी, आणि माझ्याच घरात एक जण अशी फिरत होती की तिची चाहूल लागू नये याची तजवीज माझ्याच हाताने झालेली. भाजी चिरताना ती माझ्या मागे उभी आहे का, मला सांगता येईना. आरशासमोर केस विंचरायचे मी सोडून दिलं.

एका संध्याकाळी मी दारापासून सोफ्यापर्यंत साखर पसरली. मुंगी चालली तरी कळेल अशी. नवरा म्हणाला, “कसली करकर होते गं पायाखाली?” मी म्हटलं, “काही नाही, सांडली.” आणि दिवा लावून समोर बसले. वेळ झाली. त्याची मान दाराकडे वळली. तिथून ती हळूहळू इकडे आली. एक कणसुद्धा वाजला नाही. तो सरकून बसला, आणि मग मला वास आला... गरम इस्त्रीखाली ओलं कापड धरलं की येतो ना, तो.

सकाळी उठून मी स्टुडिओ गाठला.

“काकू, आता कशाला?” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “सिनेमा चार दिवसांत बाहेर जायचाय.”

“मला हिची पावलं द्यायचीत. आत्ताच्या आत्ता.”

दिग्दर्शकाला आनंदच झाला. त्यालाही ती तरंगताना खटकत होती म्हणे. मी ट्रंक उघडली. तिच्या बुटांसारखे जाड बूट माझ्याकडे एकच होते, त्या कार्यक्रमाला मी घातलेले. लाकडावर त्यांच्याइतका चांगला आवाज दुसऱ्या कशाचा येत नाही, म्हणून ते जपून ठेवले होते. नाड्या बांधल्या. दिवे मालवले. पडद्यावर ती लाँड्रीतून निघाली आणि मी तिच्याबरोबर निघाले. गल्ली, पायऱ्या, हॉल. तरुण मुलीची हलकी पावलं, न घासता, जशी हवीत तशी. येते आहेस ना, मग वाजत ये, एवढंच माझ्या मनात होतं. निदान मला कळू दे.

मग तो क्षण आला. आवाज गेला. त्याने वळून बघितलं. त्या शांततेत ती रांगेतून पुढे होते आणि स्टेजपर्यंत चालत जाते, असं दिग्दर्शकाने नव्याने जोडलं होतं. मला ते माहीत नव्हतं. समोर तो हसत होता, ते माझं हसू. आणि मध्ये रिकामी जमीन. तेव्हा मी प्लग सोडून उठू शकले नव्हते हो. एकदा तरी पडदा बाजूला सारून त्याच्यापाशी जावं असं तेव्हा किती वाटलं होतं. आता हात मोकळे होते. मी चालले. ती चालली नाही, मी चालले. फळीवर माझा डावा चवडा घासला तो मला ऐकू आला, आणि तरी मी थांबले नाही. पडदा काळा झाला तेव्हा माझे गाल ओले होते.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. “एक नंबर, काकू! आजवरचं तुमचं सगळ्यात खरं काम. हेच ठेवतो.”

“थांब, पाय घासलाय. परत घेऊ,” मी म्हटलं.

दिग्दर्शक आत आला. “नको काकू, प्लीज. ते घासणंच तर हवं होतं. आत्ता कुठे ती जिवंत वाटायला लागली.”

मी खूप विनवलं. पण पोरगा ऐकेना. शेवटी थकून घरी आले. बूट मात्र तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सापडले नाहीत.

संध्याकाळी मी मुद्दाम नवऱ्यासमोर या तुमच्या खुर्चीत बसले. गप्प. दिवे लागायच्या वेळी जिन्यात पावलं वाजली. जाड बुटांची, दणकट. काय सांगू, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. आली तर आली, पण कळली! जिन्याच्या शेवटच्या वळणावर डावा पाय घासला.

नवऱ्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांत त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. तो दाराकडे वळून म्हणाला, “आलीस का गं, प्लगबाई?”

“अरे...” माझ्या तोंडून कसंबसं निघालं. “मी इथे आहे. समोर.”

त्याने मान वळवली नाही. पावलं दारातून आत आली. कोपऱ्यात राहिलेली साखर पायाखाली करकरली. सोफ्याची स्प्रिंग दबली आणि नवरा सरकून बसला. त्याने हात पुढे केला, खूप वर्षांची सवय असावी तसा.

मी उठून त्याच्यापाशी गेले. त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. “माझ्याकडे बघ. मी आहे मी. प्लग कुणी धरला होता? ‘धर ना गं’ कुणाला म्हणालास?”

तो माझ्या दिशेने बघत राहिला, डोळे बारीक करून. अनोळखी माणसाला आपण बघतो ना, तसं. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “ही बघ, परत आली. पहिल्या रांगेत असायची ना, ती. काहीतरी पुटपुटते, नीट ऐकू येत नाही. बसू दे बिचारीला... कुणाला त्रास देत नाही ती.”

बिचारी म्हणाला मला. माझ्या घरात.

तेव्हापासून हे असं आहे. सिनेमा आता लागलाय, लोक म्हणे त्या शांततेत नुसती पावलं ऐकून रडतात. दिग्दर्शक माझा फोन उचलतो, पण “हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?” एवढंच म्हणून ठेवून देतो. येत्या सोमवारी नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मंगळवारी पट्टी काढतील. तेव्हा त्याच्या समोर मी उभी असायला हवी, बाकी मला कशाचंही काही नाही. एकदा त्याला माझं तोंड स्वच्छ दिसलं की बघते, कुठली लाँड्रीवाली माझ्या जागेवर बसते ते. दवाखान्यात मी आधी पोचले पाहिजे, एवढंच. तिच्या आधी.

ऐकलंत? आता, आत... बरोबर, तेच. कपाटापासून पलंगापर्यंत. डावा घासला बघा. आणि हे बघा, तो हसला. तुम्ही म्हणालात तेच बूट. तक्रार रास्त आहे तुमची, पण ती मी कुणापाशी पोचवू?

उठू नका इतक्यात. तुमचा कान चांगला आहे म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही मला ऐकता आहात, मधूनमधून मान हलवता आहात, त्यामुळे मला धीर आलाय. मघाशी तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा मी या कडक टाचांच्या चपला घालून फरशीवरून दारापर्यंत धावत आले होते. खालून बाजारात जाणाऱ्या माणसाला ऐकू जावं इतक्या जोरात. आणि तरी तुम्ही दचकलात. तेव्हापासून माझ्या मनात एक आलंय, ते चूक आहे एवढं तुम्ही मला सांगा.

जरा डोळे मिटून घ्या. मी इथून, तुमच्या खुर्चीपासून, दारापर्यंत चालत जाते. सावकाश जाते, टाचा आपटत जाते. मी दारापाशी पोचले की तुम्ही सांगा. तोवर डोळे उघडू नका, माझी शपथ आहे.

मिटलेत ना?

...

...

अहो, सांगा ना. मी केव्हाची येऊन उभी आहे दारापाशी.